तळ शाबूत, झाकण फाटके: लव्ह कॅनॉलच्या जमिनीचा छेद

पार्श्वभूमी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला नायगारा फॉल्स शहर आहे. तिथल्या लव्ह कॅनॉल वसाहतीचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते ते आजारी मुले, रस्त्यावर उतरलेल्या आया आणि 1980 चा सुपरफंड कायदा (विषारी टाकाऊ मालाच्या जागा साफ करण्यासाठीचा) यांच्यामुळे. त्या बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे टिपण जमिनीच्या छेदापुरते आहे: वरून खाली कोणते थर होते, पाणी कुठून आत आले, कुठे अडले, कुठून बाहेर पडले आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी काय ठरवले. रहिवाशांची नावे दिलेली नाहीत. त्यांच्या तळघरांत काय झाले एवढेच इथे लागते.

1890 च्या दशकात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाला नायगारा नदीचे पाणी धबधब्याला वळसा घालून कालव्याने न्यायचे होते. त्या पाण्यावर वीज आणि विजेवर एक नवे शहर, असा बेत होता. 1894 मध्ये खोदाई सुरू झाली आणि लवकरच पैसा आटला. तोवर वीज तारांनी लांब नेता येऊ लागली होती, त्यामुळे कारखाना पाण्याच्या काठीच हवा ही अटही उरली नाही. मागे राहिला तो सुमारे 900 मीटर लांब आणि 20 ते 30 मीटर रुंद असा उत्तर-दक्षिण खंदक. त्याचे दक्षिण टोक नदीपासून फार लांब नव्हते. पुढची कित्येक वर्षे पोरे त्यात डुंबत.

1942 पासून हूकर इलेक्ट्रोकेमिकल कंपनीने हा खंदक टाकाऊ रसायनांसाठी वापरला. 1953 पर्यंत सुमारे 21,800 अमेरिकी टन माल पिंपांत भरून तिथे पुरला गेला. शहराचा कचराही त्यातच पडला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे 6,900 टन, बेंझिन हेक्साक्लोराइडच्या टाकाऊ मालाचा होता. आपल्याकडे गोठ्यात आणि धान्याच्या कोठारात जी ‘गॅमेक्झिन पावडर’ मारत, तिचेच हे कूळ. त्याखेरीज क्लोरोबेंझिन होते आणि सुमारे 200 टन ट्रायक्लोरोफिनॉलचा गाळ होता. या शेवटच्या मालात डायॉक्सिन हे अत्यंत विषारी रसायन भेसळीसारखे मिसळलेले असते, त्यामुळे वजनाने थोडा असूनही पुढच्या प्रत्येक निर्णयावर त्याची सावली पडली.

भरून झाल्यावर वर माती ओढून खंदक झाकला गेला. 28 एप्रिल 1953 रोजी ही 16 एकरांची पट्टी कंपनीने शहराच्या शिक्षण मंडळाला 1 डॉलरला दिली. खाली रासायनिक टाकाऊ माल आहे आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे खरेदीखतात लिहिलेले होते.

जमिनीखाली काय होते

थर वरून खाली असे लागतात.

सर्वांत वर भराव आणि गाळवट वाळू. जाडी मीटर-दोन मीटर. पाणी यातून आडवे, हळूहळू पण ठरलेल्या दिशेने सरकते. पावसाळी दिवसांत पाणीपातळी याच थरात वर येते, कोरड्या दिवसांत खाली जाते.

त्याखाली कडक चिकणमाती. हिमनद्या मागे हटल्यावर इथे तळे होते, त्याच्या तळाशी बसलेला हा बारीक गाळ. वरचा भाग वाळून तडकलेला, उभ्या भेगांचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तोच प्रकार, फक्त इथल्या भेगा केसासारख्या बारीक आणि जुन्या.

त्याखाली तीच चिकणमाती, पण ओली, मऊ आणि भेगा नसलेली. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी थर हाच.

मग टिल, म्हणजे हिमनदीने चिरडून दाबून बसवलेले चिकणमाती, वाळू आणि गोट्यांचे मिश्रण. आणि शेवटी, जागेनुसार साधारण 7 ते 12 मीटर खोलीवर, लॉकपोर्ट डोलोमाइट. नायगाराचा धबधबा ज्या कठीण खडकाच्या काठावरून कोसळतो तोच हा खडक. त्याचा वरचा काही मीटरांचा भाग सांध्यांनी आणि थरांमधल्या फटींनी भरलेला आहे. खरा जलधर, म्हणजे पाणी साठवून वाहू देणारा थर, हाच.

म्हणजे इथे भूजल दोन मजल्यांवर आहे. वर वाळूतले उथळ पाणी, खाली खडकातले खोल पाणी आणि मध्ये चिकणमातीची लादी. ही लादी किती घट्ट आहे ते आकड्यांत पाहू. वरच्या वाळवट थराची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, सेकंदाला सेंटिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या घरात किंवा थोडी जास्त, तर चिकणमातीची दहा कोटीव्या भागाच्या घरात. पाण्याच्या दाबाचा उतार एकास एक धरला तर डार्सीच्या नियमाने (मातीतून पाणी किती वाहते ते सांगणारा नियम) चिकणमातीतून वर्षाला पाण्याचा 3 मिलिमीटर थर पार होतो. सच्छिद्रता निम्मी धरली तर पाण्याचा थेंब प्रत्यक्षात वर्षाला सुमारे 6 मिलिमीटर खाली सरकतो. तीन मीटरची लादी ओलांडायला पाचशे वर्षे. 1942 चे निकष लावले तर जागा टाकाऊ मालासाठी वाईट नव्हती, असे अनेक भूशास्त्रज्ञ म्हणतात त्यामागचा हिशेब हा आहे.

या हिशेबात दोन फटी आहेत. पारगम्यता प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्याने मोजली जाते, पण खंदकात क्लोरोबेंझिनसारखे पाण्याहून जड, तेलकट द्रवही होते. असे द्रव चिकणमातीच्या कणांमधले पाणी हटवून तिला आक्रसवू शकतात. दुसरे म्हणजे नमुना हाताएवढ्या नळीतला असतो, त्यात भेग सापडेलच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेचा आकडा जागेवरच्या बोअरमध्ये पाणी ओतून पडताळावा लागतो आणि बहुतेक वेळा जागेवरचा आकडा दहापटीने तरी जास्त निघतो.

अडचण कशी उभी राहिली

खंदक चिकणमातीत उतरलेला होता. तळ आणि खालच्या बाजू घट्ट, वरचा काठ मात्र वाळवट थरात. बाथटब डोळ्यांसमोर आणा. टबाच्या तळाला भोक नाही, पण वर झाकण आहे. जोवर झाकण धड आहे तोवर आत पाणी शिरत नाही आणि आतला माल जिथल्या तिथे राहतो. झाकण गेले की पाऊस आत उतरतो. तळातून जायला वाट नाही, म्हणून टब भरतो आणि काठावरून सांडतो. सांडते ते नेमके वाळवट थरात, जिथे घरांचे पाये आणि तळघरे आहेत.

भरायला किती वेळ लागेल याचा ढोबळ अंदाज काढता येतो. क्षेत्र 900 गुणिले 25 मीटर, म्हणजे 22,500 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस-बर्फ सुमारे 950 मिलिमीटर, त्यातला तीस टक्के मुरतो असे धरू. वर्षाला साधारण 6,400 घनमीटर पाणी आत. भरावात तीस टक्के पोकळी धरली तर पातळी वर्षाला मीटरभर चढेल. म्हणजे झाकण फाटल्यावर चार-पाच ओल्या वर्षांचेच काम. प्रत्यक्षात आधीपासून थोडे पाणी होते आणि थोडे बाजूने निसटतही होते, पण आकडा शतकांचा नाही, वर्षांचा आहे, हे कळायला एवढे पुरते.

झाकण एकदम नाही, हप्त्याहप्त्याने गेले.

त्याच जागी मंडळाची शाळा बांधताना कंत्राटदाराला पिंपांनी भरलेले खड्डे लागले, म्हणून इमारत सुमारे 80 फूट सरकवून तिथेच बांधली. 1955 मध्ये ती सुरू झाली. दरम्यान खंदकावरची माती दुसऱ्या जागी भरावासाठी न्यायला मंडळानेच परवानगी दिली आणि काही हजार घनयार्ड माती उचलली गेली. कागदावर ती ‘जादा माती’ होती, प्रत्यक्षात तेच झाकण.

1957 मध्ये मंडळ उरलेली जमीन घरबांधणीसाठी विकायला निघाले तेव्हा कंपनीचे वकील बैठकीत जाऊन खोदाई करू नका असे सांगून आले. मंडळात समसमान मते पडली आणि विक्री तात्पुरती टळली. पण रस्ते आणि गटारे यांना मतदान लागत नाही. खंदकाला आडवे दोन रस्ते गेले, त्यांच्याखाली आणि आजूबाजूला सांडपाण्याची आणि पावसाळी गटारे गेली. 1960 नंतर जमिनीचे तुकडेही इतरांच्या हाती गेले.

गटाराचा पाइप स्वतः फारसा गळत नाही. गळते त्याच्याभोवतीची खडी. पाइप बसावा म्हणून चर खोदून तळाशी खडी पसरतात, वरून सैल माती टाकतात. आजूबाजूची वाळवट माती आणि ही खडी यांच्या पारगम्यतेत हजारो पटींचा फरक असतो. खंदकाची भिंत जिथे अशा चराने कापली तिथे टबाला आपोआप नळ बसला. पावसाळी गटारांची तोंडे जवळच्या ओढ्यांत उघडत होती, तीही या नळाचीच टोके.

1960 च्या दशकाच्या अखेरीस दक्षिणेला ला सॅल एक्सप्रेसवे झाला. नदीकडे जाणारे उथळ पाणी त्याच्या भरावाने आणि दाबलेल्या मातीने अडले असे मानले जाते. त्याचा नेमका वाटा किती यावर मतभेद आहेत, पण दिशा बरोबर वाटते: टबाच्या एका बाजूने जी थोडी सांड होती तीही कमी झाली.

मग 1970 च्या दशकाच्या मध्यात लागोपाठ ओली वर्षे आली. पिंपे गंजून बसली तसा वरचा पृष्ठभाग खचला, खळगे झाले, त्यांत पाणी साठले आणि तेच आत उतरले. खंदकाला लागून असलेल्या घरांच्या तळघरांत भिंतींच्या तळाशी काळपट तेलकट ओल दिसू लागली. अशा घरांत जमिनीत एक हौद आणि त्यात आपोआप चालू होणारा पंप असतो, तळघराखालचे पाणी उपसण्यासाठी. घरमालकाच्या दृष्टीने पंप नीट काम करत होता. भूजलाच्या दृष्टीने प्रत्येक तळघर ही एक उपसा विहीर झाली होती, खंदकाकडून घराकडे उतार तयार करणारी. उपसलेले पाणी पुन्हा गटारात जात होते.

पहिला अहवाल आणि हुकलेले वर्ष

1976 मध्ये स्थानिक वृत्तपत्राने तळघरांच्या हौदांतला गाळ तपासून घेतला आणि त्यात कंपनीच्या मालाशी जुळणारी रसायने सापडली. शहराने कॅल्सपन या संस्थेकडे तपासणी दिली. 1977 च्या त्यांच्या अहवालात तीन शिफारशी होत्या: खंदकावर चिकणमातीचा थर द्या, घरांतले हौद बंद करा, खंदकाच्या कडेने निचरा चर घाला.

पुढे जे करावे लागले ते जवळपास हेच. खर्चाचे कारण पुढे करून त्या वर्षी काही झाले नाही. तोवर रसायने बहुतांशी खंदकालगतच्या घरांच्या पहिल्या रांगेपर्यंत होती, म्हणजे निचरा चराच्या हद्दीत. एक साधी गोष्ट इथे नोंदवायला हवी: हौद बंद करणे आणि चर घालणे यांचा क्रम उलटा झाला तर नुकसान होते. आधी हौद बुजवले तर घराखालचे पाणी चढते आणि भिंतीतून येते. आधी चर चालू करून पातळी खाली आणायची, मग हौद बुजवायचे.

1978: समोरचे पर्याय

2 ऑगस्ट 1978 रोजी राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, गरोदर बायका आणि दोन वर्षांखालील मुले यांना हलवण्याची शिफारस. 7 ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केंद्राची आणीबाणी लावली. पहिल्या दोन रांगांतली 239 कुटुंबे हलवली गेली आणि त्यांची घरे राज्याने विकत घेतली. माणसे हलली तरी पाणी हलतच होते. त्याचे काय करायचे याचे चार मार्ग होते.

सगळे उकरून दुसरीकडे नेणे. ऐकायला सर्वांत स्वच्छ. पण गंजलेली पिंपे उचलताना फुटतात, वाफा थेट वस्तीत जातात, आणि डायॉक्सिन असलेला हजारो टन माल 1978 मध्ये घेणार कोण? उकरलेला खड्डा कोरडा ठेवायला जो उपसा लागला असता तोच मुळात चौथ्या मार्गाचा अर्धा भाग होता.

भोवती भूमिगत भिंत. बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) मिसळलेल्या गाऱ्याने भरलेला चर चिकणमातीत रुजवला की आडवी वाट बंद होते. पण नुसती भिंत म्हणजे टबाच्या कडा उंच करणे. वरून पाणी येत राहिले तर टब पुन्हा भरणारच, फक्त उशिरा. भिंतीबरोबर उपसा करावाच लागतो.

फक्त झाकण. नवे पाणी थांबते, पण आत साठलेले तसेच राहते आणि बाजूला निघून गेलेला माल मागे फिरत नाही.

निचरा चर, झाकण आणि पाणी शुद्धीकरण, तिन्ही एकत्र. हा मार्ग निवडला गेला. यात खंदकाच्या कडेने पाणीपातळी मुद्दाम खाली ठेवायची, म्हणजे आतले पाणी चराकडे येते आणि बाहेरचेही चराकडेच येते. बाहेर जाण्याचा उतारच राहत नाही. भिंत असो वा नसो, उतार आत वळलेला असला की पुरते. किंमत अशी की उपसा कधीच थांबवता येत नाही.

काय केले

ऑक्टोबर 1978 मध्ये दक्षिण भागापासून काम सुरू झाले आणि 1979 मध्ये मध्य व उत्तर भाग झाले. खोदताना वाफा सुटल्या तर उरलेल्या रहिवाशांना काढता यावे म्हणून बसगाड्या उभ्या ठेवल्या होत्या.

चर खंदकाच्या दोन्ही बाजूंनी, त्याला समांतर, वाळवट थर पूर्ण कापून चिकणमातीत जाईल इतका खोल होता. तळाशी भाजलेल्या मातीचे छिद्रांचे पाइप, त्यांच्याभोवती एकसारख्या आकाराची खडी, वरपर्यंत वाळू. मुख्य चरापासून खंदकाच्या दिशेने आडवे फाटे काढून तेही वाळूने भरले. वाळवट थरातून पाणी आपोआप येईपर्यंत थांबले असते तर वर्षे गेली असती, फाट्यांनी आतले पाणी लवकर ओढले. पाइप उताराने पंपविहिरींकडे, तिथून साठवण टाकीत, तिथून शुद्धीकरण केंद्रात. 1979 च्या अखेरीस कायमचे केंद्र चालू झाले: आधी निवळण, जड तेलकट द्रव तळातून वेगळा, मग गाळणी आणि शेवटी सक्रिय कार्बनचे स्तंभ. शुद्ध झालेले पाणी शहराच्या सांडपाणी वाहिनीत.

अशा यंत्रणेत कुठे बिघडते ते ठरलेले आहे. छिद्रांचा पाइप लोहाच्या गाळाने आणि डांबरासारख्या चिकट द्रवाने बुजतो, म्हणून पाइप धुण्यासाठी मॅनहोल सुरुवातीलाच ठेवावे लागतात. कार्बनचा एकच स्तंभ असेल तर तो कधी संपृक्त झाला ते बाहेरचे पाणी खराब झाल्यावरच कळते, म्हणून एकामागे एक दोन लावून नमुना दोघांच्या मधून घ्यायचा. वीज गेली की पातळी चढते, आणि किती तासांत धोक्याच्या खुणेपर्यंत येते ते आधी मोजलेले असावे लागते. इथे आणखी एक अडचण आली ती भूशास्त्राची नव्हती: डायॉक्सिनमुळे वापरलेला कार्बन आणि गाळ कोणी घेईना आणि तो बराच काळ जागेवरच सांभाळावा लागला. शुद्धीकरण म्हणजे प्रदूषण पाण्यातून कार्बनमध्ये हलवणे, हे आराखड्यात धरायचे राहिले की असे होते.

झाकण दोनदा करावे लागले. 1979 मध्ये 22 एकरांवर सुमारे तीन फूट चिकणमाती दाबून बसवली. पण या हवामानात चिकणमाती हिवाळ्यात गोठून फुगते, उन्हाळ्यात वाळून तडकते. 1982 मध्ये पहिल्या दोन रांगांतली घरे पाडून त्यांची तळघरे भरली गेली, पुढे शाळाही पाडली, आणि 1984 मध्ये झाकण 40 एकरांपर्यंत वाढवले. या वेळी त्यात सुमारे एक मिलिमीटर जाडीची एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकची पत्री होती आणि वर माती-गवत. पहिले झाकण खंदकापुरते पाहत होते, दुसऱ्याने चराच्याही पलीकडची जमीन झाकली. हा फरक महत्त्वाचा. चरात येणारे बरेचसे पाणी बाहेरून येणारे, तुलनेने स्वच्छ असते, ते जितके कमी येईल तितका शुद्धीकरणाचा बोजा कमी.

तपासणीत काय निघाले

21 मे 1980 रोजी दुसऱ्यांदा केंद्राची आणीबाणी लागली आणि आणखी सातशेच्या वर कुटुंबांना हलण्याची मुभा मिळाली. ऑगस्टपासून तीन महिने केंद्राच्या पर्यावरण संस्थेने माती, पाणी, हवा, तळघरांचे हौद आणि गटारांतला गाळ यांचे सहा हजारांवर नमुने घेतले. विहिरींच्या जोड्या घातल्या: एक उथळ, वाळवट थरातली, एक खोल, डोलोमाइटातली. मे 1982 चा अहवाल सांगतो की उथळ पाण्यातले ठळक प्रदूषण खंदकालगतच्या पहिल्या रांगेपलीकडे फारसे गेलेले नव्हते, आणि खोल जलधरात खंदकापासून निघालेला मोठा पट्टा दिसला नाही. चिकणमातीने आपले काम केले होते. लांब गेलेले प्रदूषण सापडले ते पावसाळी गटारांच्या गाळात आणि ती जिथे उघडतात त्या ओढ्यांच्या तळाशी.

अहवालावर टीका झाली, तुलनेसाठी निवडलेल्या जागा आणि मोजमापाच्या मर्यादा यांवरून. ती बऱ्याच अंशी रास्त होती. खोल विहिरींबाबत सावध राहायला आणखी एक कारण आहे: पाण्याहून जड द्रव पाण्याच्या उताराने नाही, खडकाच्या फटींच्या आणि थराच्या उताराने सरकतो. पाण्याच्या दिशेने घातलेली विहीर त्याला चुकवू शकते. आणि अशी विहीर घालताना चिकणमातीत आवरण-पाइप नीट सिमेंट केला नाही तर तपासणी करणाराच लादीला भोक पाडून देतो. म्हणून आधी चिकणमातीत रुंद पाइप बसवून सिमेंट करायचा, ते पक्के होऊ द्यायचे, मगच आतून बारीक बोअर खडकात न्यायचा.

निष्पत्ती

1986-87 मध्ये सुमारे 68,000 फूट गटारे धुतली गेली. 1989 मध्ये ओढ्यांतून सुमारे 14,000 घनयार्ड गाळ काढला. 1988 मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी वसाहतीचा काही भाग राहण्यायोग्य ठरवला, 1990 पासून घरे पुन्हा विकली जाऊ लागली. कंपनीच्या वारसदाराने राज्याशी 1994 मध्ये 98 दशलक्ष डॉलरांवर आणि केंद्राशी 1995 मध्ये 129 दशलक्ष डॉलरांवर तडजोड केली आणि यंत्रणा चालवण्याची जबाबदारी घेतली. सप्टेंबर 2004 मध्ये जागा सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीतून निघाली.

यादीतून निघाली म्हणजे साफ झाली असे नाही. माल तिथेच आहे, कुंपणाच्या आत, गवताखाली. चरातून वर्षाला काही दशलक्ष गॅलन पाणी आजही उपसून शुद्ध केले जाते आणि शंभराहून जास्त विहिरींवर लक्ष ठेवले जाते. त्यांतली खरी उपयोगी मोजणी स्वस्त आणि कंटाळवाणी आहे: चराच्या खंदकाकडच्या बाजूची पातळी, चरातली पातळी, चराच्या बाहेरची पातळी. चरातली सर्वांत खाली असली की उतार आत आहे. रसायनांचा नमुना काही महिन्यांनी सांगतो ते पातळीची टेप त्याच दिवशी सांगते.

वेगळे काय करता आले असते

1953 च्या खरेदीखतात इशारा होता, पण निर्बंध नव्हता. ‘खाली रसायने आहेत’ याने पुढच्या अभियंत्याला काहीच कळत नाही. ‘या रेषेच्या आत इतक्या खोलीखाली खोदाई नाही, वरची माती हलवायची नाही’ असे नकाशासह लिहून ते रस्ते आणि गटार खात्यांच्या कागदांत गेले असते तर झाकण वाचले असते. जमीन विकण्यावर मतदान झाले आणि माती उचलण्यावर फक्त परवानगी लागली, यातच सगळे आले.

1977 मध्ये निदान दक्षिण टोकाचा चर आणि वरची चिकणमाती एवढे झाले असते तरी पुढच्या ओल्या हंगामात पहिल्या रांगेतल्या तळघरांकडचा उतार उलटला असता. पूर्ण पैसा नाही म्हणून पहिला तुकडाही नाही, हा निर्णय महागात पडला.

हाच आराखडा उचलून आपल्याकडे लावता येणार नाही, हेही सांगायला हवे. दख्खनच्या बेसाल्टावर काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली सांध्यांचा, ठिकठिकाणी पोकळ खडक. तळाला भरवशाची लादी नसते. तिथे टब भरून काठावरून सांडत नाही, तळातून निसटतो, आणि तळघराऐवजी दोन शेते पलीकडची विहीर आधी बोलते. अशा जागी उथळ चर पुरत नाही, खडकातल्या फटी शोधून तिथे उपसा विहिरी घालाव्या लागतात.

गटारांचा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच. जागेचा छेद काढताना नैसर्गिक थरांइतक्याच ठळकपणे माणसाने घातलेले थर त्यात यायला हवेत: गटारांच्या चरांची तळपातळी, खडीची जाडी, तळघरांची खोली, रस्त्याचा भराव. प्रत्येक गटार हद्द ओलांडते तिथे खडी काढून दोन-तीन मीटर लांबीची बेंटोनाइट-मातीची डाट बसवायची, आणि डाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक उथळ निरीक्षण नळी. लव्ह कॅनॉलमध्ये गटारे धुतली गेली. पाइप धुता येतो, त्याच्याभोवतीची खडी धुता येत नाही. जानेवारी 2011 मध्ये कुंपणाबाहेर कॉल्विन बुलेव्हार्डवर सांडपाणी वाहिनीची दुरुस्ती करताना कामगारांना पाइपजवळ रसायने लागली आणि पुन्हा दावे दाखल झाले.